मालक माणूस पाहून बोलतो

माझ्या एकाही पेशंटनं मला आजवर कुठं दुखतंय ते सांगितलेलं नाही. ही तक्रार नाही, या धंद्याचा स्वभावच तसा आहे. मी गुरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर पशुधन विकास अधिकारी, गावात ढोरांचा डॉक्टर, आणि लग्नाच्या बोलण्यांत आमच्या सासरच्यांनी सांगितलं तसं, 'नुसते डॉक्टर'. एकाच माणसाची ही तीन नावं कुणापुढं कोणती घ्यायची, हे सासरच्यांना बरोबर कळत होतं. मला ते कळायला अर्धी नोकरी जावी लागली.

माणसांच्या डॉक्टरचं काम तुलनेनं सोपं. पेशंट आला की विचारायचं, काय होतंय? पेशंट थोडं खरं, थोडं खोटं सांगतो, पण निदान स्वतःबद्दल सांगतो. आमच्याकडं पेशंटच्या वतीनं मालक बोलतो, आणि मालक माणूस पाहून बोलतो. समोर डॉक्टर असेल तर एक, शेजारी असेल तर दुसरं, दूध संघाचा माणूस असेल तर तिसरंच. ताप बघायला थर्मामीटर असतो, पोटाची हालचाल मुठीनं दाबून कळते. पण रोग कुठून आला, केव्हा आला, काय खाण्यात आलं, हे सगळं मालकाच्या तोंडात असतं. ते तोंड उघडतं कसं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

माझी पहिली नेमणूक राजूरला. मी नगर शहरातला. वडील शाळेत मराठी शिकवायचे. घरात 'पानी' म्हटलं तर पाणी मिळायचं नाही. असा मुलगा अकोले तालुक्याच्या डोंगरात जाऊन उभा राहिला. दवाखान्यात येणारी बहुतेक जनावरं डांगी जातीची, काळी-पांढरी, पावसाला न जुमानणारी. मालक मात्र माझ्या पहिल्याच वाक्याला दबायचे.

चांगुणाबाई नावाची एक म्हातारी होती. एकटीच राहायची, घरात दुसरं जिवंत काही असेल तर ती एक गाय. ती गाय घेऊन आली. मी शर्टाच्या बाह्या दुमडून विचारलं, "मावशी, जनावराला कधीपासून अस्वस्थ वाटतंय?"

"अस्वस्थ वाटतंय, साहेब."

"हो, पण कधीपासून?"

"आपण म्हणाल तेव्हापासून."

"आहार व्यवस्थित आहे?"

"व्यवस्थित आहे."

"आणि शेण?"

"तेसुद्धा व्यवस्थित आहे."

इतकी व्यवस्थित गाय तीन डोंगर उतरून दवाखान्यात का आणली असेल, हा प्रश्न मला पडला नाही. मी भूक वाढवायची पावडर काढली आणि बॅग आवरायला वळलो. तेवढ्यात पाठीमागं म्हातारीचा आवाज आला. ती गायीशी बोलत होती. "का गं बाय, परवाधरनं शेनाचा पो न्हाई टाकला, पान्याला तोंड लावंना, रातभर दात खाती. आन् हा बाबा म्हनतो, समदं येवस्थित."

मी पावडर परत डब्यात टाकली. सगळं निदान मला फुकट मिळालं होतं, फक्त ते मला उद्देशून नव्हतं. गायीचं पोट गच्च बसलं होतं. नळी घालून औषध पाजलं, तेल पाजलं, पोट चोळलं. संध्याकाळपर्यंत तिनं पो टाकला आणि मी परीक्षेच्या निकालाकडं बघावं तसा त्याकडं बघत राहिलो.

पुढं बाजारात चांगुणाबाई भेटली. धीट झाली होती. मी विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलं सगळं?" ती म्हणाली, "तुमी हापिसावानी बोलला, मंग मी बी हापिसावानी बोलले. हापिसात कोन खरं सांगतं?"

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सुरू केल्या. एक, तपासणी झाली की पाठ करून बॅगेत उगाच काहीतरी शोधत राहायचं आणि मालक जनावराशी काय बोलतो ते ऐकायचं. दुसरी, त्यांच्यासारखं बोलायला शिकायचं. "लई दमलीया का?", "कवाधरनं असं करती?" जमायला लागलं तसा मला अभिमानही वाटायला लागला. लोक मोकळं बोलतात, कारण मी त्यांच्यातला झालोय, असं मी स्वतःला सांगायचो. माझं 'व्हय' ऐकून बाया पदराआड हसायच्या. मला वाटायचं, आपुलकी.

घरी त्याचा वेगळाच परिणाम झाला. बायको फोनवर माझं पहिलं वाक्य ऐकून सांगायची, मी कुणाजवळ उभा आहे. "चाललोय गं" म्हणजे एकटा. "निघतुया" म्हणजे गोठ्यात. आणि "सध्या प्रवासात आहे, नंतर संपर्क साधतो" म्हणजे जिल्ह्याच्या साहेबांच्या जीपमध्ये. "तुझं स्वतःचं बोलणं कोणतं?" असं तिनं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, हे काय, आत्ता बोलतोय ते. ती म्हणाली, "हे तू माझ्याशी बोलतोयस." मी विषय बदलला.

पुढं पारनेरला गेलो, तिथंही हीच युक्ती चालली. आणि नोकरीच्या उतरत्या वर्षांत बदली झाली सोनईला.

सोनई म्हणजे राजूर नव्हे, हे मला नकाशावर माहीत होतं. सोनईत ऊस, मका, काळ्या-पांढऱ्या मोठ्या कासेच्या विदेशी गायी, गोठ्यात पंखे, फवारे. तिथल्या एका मोठ्या बागायतदाराकडं पहिल्यांदा गेलो तो लसीकरणासाठी. गाव त्यांना आण्णासाहेब म्हणायचं, घरचे आण्णा. पांढरं धोतर, कडक इस्त्री, ओसरीवर वर्तमानपत्रांची चळत. मी मोटरसायकल लावली आणि राजूरची सगळी कमाई पणाला लावून म्हणालो, "काय आन्ना, बरी हायेत न्हवं जनावरं? खात्यात-पित्यात का?"

आण्णासाहेबांनी चष्मा काढला. "आपण मूळचे कुठले?"

"नगरचा."

"नगर शहरात असं बोलतात?"

ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याशी मराठीत बोललात तरी चालेल. आम्हाला कळतं."

त्यांचा मुलगा अमोल शेजारी उभा होता. कृषी पदवीधर. त्यानं विषय सावरायला म्हणून विचारलं, "सर, लसीचं कोल्ड चेन मेन्टेन आहे ना?" मी 'आहे' असं स्वच्छ मराठीत सांगितलं. इतक्या वर्षांत तयार केलेली माझी 'व्हय', 'न्हाई', 'लई' ही सगळी हत्यारं त्या दिवशी बॅगेत गेली. परत येताना मला चांगुणाबाईच्या गावच्या त्या हसणाऱ्या बायाही आठवल्या. ती नक्की आपुलकीच होती का, हे तपासायला आता कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर आण्णासाहेबांच्या गोठ्यात मी वर्तमानपत्रासारखं बोलू लागलो, आणि तेही माझ्याशी शासकीय परिपत्रकासारखं बोलत. मधेच मोबाईल वाजला की मात्र ते गड्यावर ओरडत, "आरं कुठं गेल्ता? मोटर चालू कर की, पानी कवा सोडायचं?" आणि फोन ठेवून पुन्हा माझ्याकडं वळून, "तर आपण काय म्हणत होतो?"

त्या घरात आणखी एक माणूस होतं, जे काहीच बोलत नसे. अमोलची बायको वैशाली. पारनेरकडच्या कोरडवाहू गावातली मुलगी, बी. एस्सी. झालेली. गोठ्याचं सगळं तीच बघायची. वैरण, धारा, कालवड कोणती, माजावर कोण आहे, सगळं तिला तोंडपाठ असणार हे तिच्या हालचालीवरून कळायचं. पण मी प्रश्न विचारला की उत्तर आण्णा द्यायचे, नाहीतर अमोल. क्वचित मी थेट तिलाच विचारलं, तर "हो सर", "नाही सर". लग्न होऊन आली तेव्हा एकदा जेवताना ती 'हुतं' म्हणाली आणि नणंदा आठवडाभर हसत होत्या, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तिनं 'हुतं'ही सोडलं आणि 'होतं'ही.

एका सकाळी अमोलचा फोन आला. त्यांची चांदी नावाची गाय, गोठ्यातली सगळ्यात जास्त दुधाची, खात नव्हती. एका खाजगी डॉक्टरनं अपचनाचं औषध देऊन झालं होतं. मी गेलो तर आण्णासाहेब गव्हाणीशी उभे.

"जनावराचं खाद्यग्रहण पूर्णतः निरंक आहे," ते म्हणाले.

"सर, मिल्क एकदम ड्रॉप झालंय," अमोल म्हणाला. "पोटाचं, म्हणजे रुमेनचं मूव्हमेंट पण स्लो वाटतं. मी व्हिडिओ पाहिले."

चांदी पाठीला बाक काढून उभी होती. पुढच्या पायांचे कोपर छातीपासून लांब धरलेले. बसायला बघत नव्हती. बसली तर कण्हत होती. हलका ताप. माझ्या मनात एक शंका आली, आणि बाहेरच्या माणसासाठी ती इथंच सांगून टाकतो. गाय आपल्यासारखं चावून-चाखून खात नाही, वैरण गिळते आणि मग निवांत रवंथ करते. वैरणीत खिळा, सुई, तार असं काही असेल तर तेही गिळते. जड वस्तू पोटाच्या पुढच्या कप्प्यात, ज्याला आम्ही जाळीपोट म्हणतो, तिथं जाऊन बसते. त्याच्या पुढं पातळ पडदा आणि पडद्यापलीकडं काळीज. वस्तू टोकदार असेल तर एकेक पाऊल पुढं सरकते. काळजापर्यंत पोचली की मग डॉक्टरनं फक्त मालकाचं सांत्वन करायचं.

पण ही शंका होती. पाठीला बाक इतर दुखण्यांतही येतो. आणि शंकेवर गायीचं पोट उघडायला कुणी देत नाही.

मी विचारलं, "खाण्यात लोखंडी काही आलं असेल का? कडबाकुट्टी यंत्राचा एखादा खिळा, पट्टी?"

"प्रश्नच येत नाही," आण्णासाहेब म्हणाले. "सर्व यंत्रसामग्री सुस्थितीत आहे."

"आमचं मॅनेजमेंट टॉप आहे, सर," अमोल म्हणाला.

वैशाली चांदीच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून उभी होती.

मी हात धुवायला गोठ्यामागच्या हौदावर गेलो. मधे पत्र्याची भिंत. बापलेक ओसरीकडं गेले असावेत, कारण पलीकडून आता फक्त बादलीच्या कडीचा आवाज येत होता. आणि मग मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वैशालीचं सलग बोलणं ऐकलं.

"पी गं माझे आई. थोडं तरी पी. ती तारच गेली ना तुझ्या पोटात? मशिनीचं झाकन निसटलं हुतं म्हनून मी तारंनं बांधलं. दोनदा सांगितलं, मिस्त्रीला बोलवा, झाकन बसवा. कोनी ऐकलं न्हाई. आता तार न्हाई तिथं. सकाळधरनं समदी कुट्टी चाळली मी, न्हाई घावली. कोनाला सांगू गं? म्हनतील, हिला कोनी सांगितलं हुतं हात लावायला. तुला काय झालं तर मी..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. हौदाचा नळ मी बंद करायला विसरलो होतो.

मी ओल्या हातांनीच परत आलो. अमोलला आणि गड्याला बोलावलं, मागोमाग आण्णासाहेबही आले. एक लांब वासा चांदीच्या छातीखालून घेतला, दोघांना दोन टोकं धरून सावकाश वर उचलायला लावलं. चांदी अशी कण्हली की गडी वासा सोडून मागं सरला. ही आमची जुनी परीक्षा. टोचणारं काही असेल तर दाबानं ते बोलतं.

"पोटात टोकदार वस्तू आहे," मी आण्णासाहेबांना म्हणालो. "उघडून काढावी लागेल. आजच. उशीर केला तर हाती काही लागणार नाही."

आण्णासाहेबांचा चेहरा पडला. "उघडून म्हंजी? उभ्या जनावराचं प्वाट फाडायचं?" त्यांचं परिपत्रक एका क्षणात संपलं होतं. "न्हाई न्हाई. लई जीवाची गाय हाय ती. त्या डॉक्टरनी अपचन सांगितलंय, तुमी तार—" ते एकदम थांबले. "तुमी टोकदार म्हनता. खात्री हाय का?"

खात्री होती. पण खात्री कुठून आली हे सांगितलं असतं, तर चांदी वाचली असती आणि वैशाली त्या घरात कायमची मेली असती. म्हणून मी पुन्हा वर्तमानपत्र झालो. "लक्षणं, तपासणी आणि माझा अनुभव, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात."

मग दाराशी उभी असलेली वैशाली म्हणाली, "करू द्या, आण्णा."

तिघांनीही तिच्याकडं पाहिलं. बाहेरच्या माणसासमोर ती आपणहून बोलली, यालाच सगळे बिचकले. तिनं मान खाली घातली नाही. आण्णासाहेब बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "करा."

या शस्त्रक्रियेत गाय उभीच असते. डाव्या कुशीला भूल द्यायची, कातडी, मांस, मग पोट, असं एकेक थर उघडायचं आणि खांद्यापर्यंत हात आत घालायचा. आत ऊन, ओली वैरण. तिच्यातून पुढं, खाली, चाचपडत जाळीपोटापर्यंत. बोटांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण लागतात. त्या खणांतून बोट फिरवत राहायचं. त्या वेळी जगात दुसरं काही नसतं. अमोल शेपूट धरून उभा होता. गडी कंदिलाच्या काळातल्या माणसासारखा मोबाईलचा दिवा धरून. वैशाली चांदीच्या मानेशी, तिचं कपाळ खाजवत. एका खणात बोटाला टोचलं. मी हळूच मागं ओढलं. बोटभर लांबीची बांधकामाची तार, एका टोकाला पीळ दिलेला. कुणीतरी काळजीपूर्वक बांधलेली गाठ होती ती.

"काय निघालं?" आण्णासाहेबांनी विचारलं.

मी तार धरलेली मूठ मिटली आणि मला येत होती ती सगळ्यात जड भाषा वापरली. "फॉरेन बॉडी."

"फॉरेन बॉडी," त्यांनी मान डोलावली. हात पुढं केला. मला मूठ उघडावी लागली. त्यांनी ती तार तळहातावर घेतली, पीळ दिलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं, खूप वेळ. मी आता प्रश्न येणार म्हणून उत्तर जुळवत होतो. वैशालीचा चांदीच्या कपाळावरचा हात थांबला होता.

"विदेशी गाय म्हटल्यावर फॉरेन बॉडी निघणारच," आण्णासाहेब म्हणाले आणि तार खिशात टाकून ओसरीवर निघून गेले.

मी टाके घालताना मनातल्या मनात हसत होतो. पुढं चार दिवस गावात तेच ऐकू आलं. चावडीवर, दूध केंद्रावर, सलूनमध्ये. आण्णासाहेबांच्या गायीच्या पोटात फॉरेन बॉडी होती. जर्सी असती तर वाचली नसती. एकानं मला गंभीरपणे विचारलं, देशी गायीला पण होते का ती? माझ्या एका इंग्रजी शब्दानं शिकलेल्या माणसाला कसं गुंडाळलं, ही हकीकत मी घरी रंगवून सांगितली. बायको म्हणाली, "त्यांनी काहीच विचारलं नाही?" मी म्हटलं, नाही, इंग्रजी ऐकलं की माणसं गप्प बसतात. ती फक्त "हं" म्हणाली.

चांदी वाचली. दूध मात्र पहिल्याइतकं पुन्हा आलं नाही. अशा गायी पुष्कळदा विकून टाकतात. त्यांनी विकली नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा फोन करून जायला विसरलो. मोटरसायकल रस्त्यावरच लावली आणि बॅग घेऊन चालत आत आलो. गोठ्यातून लोखंडाचा ठोक-ठोक आवाज येत होता. कडबाकुट्टी यंत्राला नवीन कोरं झाकण होतं आणि आण्णासाहेब धोतर खोचून, जमिनीवर उकिडवे बसून, स्वतःच पान्यानं त्याचे बोल्ट आवळत होते. शेजारी वैशाली वॉशर हातात धरून.

"आजून एक दे," आण्णासाहेब म्हणाले. "घट बसाया पायजे. तू दोनदा सांगितलंवतं पोरी. मी म्हनलं, बघू, बघू. डॉक्टर टोकदार म्हनला तवाच मला तार आठवली, आन् बघितली तवा वळखलंच मी. आमच्या घरात तसा पीळ दुसरं कोन मारतं?"

"मग बोलला का न्हाई तुमी?" वैशाली म्हणाली.

"काय बोलू? चूक माझी, आन् बोलायचं तुला?" त्यांनी पाना आणखी एक फेरा फिरवला. "आन् त्यो डॉक्टर बिचारा एवढं विंग्रजी बोलला. त्याचं मन कशाला मोडा."

वैशाली हसली. मोठ्यानं, नगरच्या दक्षिणेकडच्या बाया हसतात तशी, तोंडाला पदर न लावता. "आमच्या बापाच्या घरी सुतळी बी अशीच बांधत्यात, आन्ना. सुटतच न्हाई."

"सुटली की पर."

"सुटली न्हाई. तुटली."

"बरं बाई, तुटली. दे वॉशर."

माझ्या चपलेखाली खडा करकरला. दोघांनी एकदम मागं पाहिलं. आण्णासाहेब घाईनं उठले, धोतर सोडलं, पाना मागं लपवला. "यावं, डॉक्टरसाहेब. पेशंटची प्रगती समाधानकारक आहे." वैशालीनं पदर सावरला. "नमस्कार सर."

दोघंही माझ्यासाठी उभे होते, दोघंही माझ्या भाषेत. मी जन्मभर ज्या लोकांसारखं बोलायला धडपडलो, ते लोक माझ्यामुळंच बोलायचे थांबले होते.

मी म्हटलं, "माफ करा, बॅग गाडीवरच राहिली. घेऊन येतो." आणि बॅग हातात घेऊनच मी परत रस्त्याकडं निघालो. दोघांनाही ती दिसत होती. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागं पान्याचा ठोक-ठोक आवाज पुन्हा सुरू झाला होता.